दोन इंजिनं असून ओढत आणली?

बोट ओढून आणावी लागली त्याचं एवढं नाही हो, होतं कधीकधी. इंधनाच्या टाकीत पाणी गेलं, आधी डावं इंजिन खोकायला लागलं आणि पाठोपाठ उजवं, संपला विषय. डोक्यात गेले ते धक्क्यावर गळ टाकून बसलेले काका. दोर बांधायच्या आधीच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "दोन इंजिनं असून ओढत आणली?"

म्हटलं, काका, टाकी एकच आहे.

"मग दोन इंजिनं कशाला?"

आता काय सांगणार! एक पुढे एक मागे टाकलं की बोट जागच्या जागी वळते, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर सात-आठ नॉटने का होईना घरी येता येतं, हे सगळं मी नीट सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण आज आलात का?"

तसं पण इंजिनं म्हातारीच झालीत, जुनी टू-स्ट्रोक, बदलायची आहेतच, असं माझ्या तोंडून निघालं. झालं! काकांनी गळ गुंडाळला. स्वतःची बोट नाही, कधी नव्हती (मी विचारलं), पण मतं पोतंभर. "एकच तीनशे एचपीचं लावा. खर्च कमी, वजन कमी, सर्व्हिसिंग निम्मं." दुःख हे की यात चूक काहीच नाही. दीडशेच्या दोन फोर-स्ट्रोकपेक्षा तीनशेचं एक बरंच हलकं पडतं, शिवाय पाण्यात इंजिनाचा एकच पाय बुडालेला, म्हणजे ओढही कमी. पण लांब समुद्रात ते एक गप्प झालं की काय करायचं, तर म्हणे, "आज जे केलंत तेच."

मग म्हणे खराब असेल तेवढंच बदला, एव्हिनरूड कंपनीची सेकंडहँड इंजिनं मिळतात स्वस्तात. अहो, ती आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं) बनवणं कंपनीने 2020 मध्येच थांबवलं, आणि एका बाजूला टू-स्ट्रोक, दुसरीकडे फोर-स्ट्रोक लावून दोघांचे आरपीएम जुळवत बसायचं कोणी? बरं, जोडीतलं एक उलट फिरणारं लागतं, त्याचा प्रॉपही (पाण्यात फिरणारा पंखा) डावा, म्हणजे जवळ ठेवायचे स्पेअर प्रॉपसुद्धा दोन जातीचे. हे काकांना पटलं. वाईट वाटल्यासारखं तोंड करून "अरेरे" म्हणाले.

खरी गोची वजनाची आहे. नवीन दीडशेचं इंजिन दोनशेच्या वर किलो, जुन्यापेक्षा एकेक 25-30 किलो तरी जास्त. म्हणजे मागे ट्रान्समवर (बोटीची मागची भिंत, इंजिनं तिच्यावरच बसतात) एक न दिसणारा माणूस कायमचा बसवल्यासारखं. (मला तो हल्ली काकांच्या टोपीत दिसतो.) बोट मागून बसली की डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकंच पाण्याखाली, मग तिथूनच पाणी आत. ब्रोशरवाले एचपी एवढ्या मोठ्या अक्षरात छापतात आणि वजन शेवटच्या पानावर, बारीक टायपात, वर "तेल आणि प्रॉप सोडून".

तर हे सांगत होतो तेवढ्यात काकांनी गळाच्या काठीची मूठ घेतली आणि न विचारता ट्रान्समवर वाजवायला सुरुवात केली. टक. टक. टक. इंजिनाच्या बोल्टपाशी आले आणि, थप्. परत वाजवलं. थप्. माझ्याकडे बघून हसले नाहीत, त्याचाच जास्त राग आला. "आतलं प्लाय भिजलंय," म्हणाले, आणि परत गळ टाकून बसले, जसं काही झालंच नाही.

म्हणजे आता आधी ट्रान्सम उघडायचा, मग इंजिनं. पंचवीस इंची शाफ्टच (म्हणजे तेवढा लांब पाय) हवा, वीसचा आला तर प्रॉप वरच राहून हवा खात बसेल. इंजिनाच्या किमतीत नुसतं इंजिन येतं बरं का. थ्रॉटल आता बऱ्याचदा केबलवर नाही, वायरवर, म्हणजे कंट्रोल बॉक्स नवीन, हार्नेस (वायरांचा जुडगा) नवीन, चावीसुद्धा नवीन, स्टिअरिंगची दोन इंजिनं जोडणारी दांडी वेगळी. चालू असलेले, काहीही न बिघडलेले मीटर काढून फेकायचे कारण नव्या इंजिनाला ते कळत नाहीत, त्याला स्क्रीन लागते. स्क्रीन चौकोनी, जुनी भोकं गोल. ती झाकायच्या प्लेटी मिळतात. वेगळ्या घ्यायच्या.