‘खेळ झाला, शब्द काही राहिले नाहीत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

फ्लॅशकार्डांच्या खेळांवरच्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पंचावन्न मुलांच्या वर्गात कार्डं काढली की नुसता गलका होतो, दरवेळी तीच दोन-तीन चुणचुणीत मुलं जिंकतात, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर बाकीच्यांना काही आठवत नाही. शिवाय सुटे शब्द म्हणजे भाषा नव्हे. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना 35 मिनिटांच्या तासात मराठी शिकवायची तर त्यापेक्षा पाठांतर बरं.

गलका, तेच विजेते आणि दुसऱ्या दिवशीची पाटी कोरी, हे तिन्ही खरं आहे. पण त्याचं कारण तुम्ही वर्णन केलेल्या खेळाच्या नियमांत आहे. शिक्षक शब्द उच्चारतात आणि मांडलेल्या कार्डांवर जो आधी हात मारेल त्याला कार्ड मिळतं. यात शब्द बोलतं कोण? एकटे शिक्षक. मुलं फक्त ऐकून ओळखतात, आणि तेही पुढे बसलेली, चपळ हाताची मुलं. ओळखणं सोपं असतं, डोक्यातून शब्द काढणं अवघड, आणि शब्द पक्का होतो तो काढताना. कार्पिके आणि रोडिगर या अभ्यासकांनी 2008 साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या 40 जोड्या शिकवल्या. एकदा आलेले शब्दही ज्यांना पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांना आठवड्यानंतर 80 टक्क्यांच्या आसपास आठवले. ज्यांनी तेच शब्द नुसते पुन्हा पुन्हा पाहिले, ते त्याच्या निम्म्यावरही पोचले नाहीत.

म्हणून मुलांच्या जोड्या लावा. प्रत्येक जोडीला 8 कार्डं, पुढे चित्र, मागे शब्द. एकाने चित्र दाखवायचं, दुसऱ्याने शब्द सांगायचा. दाखवणाऱ्याने मनात पाचपर्यंत मोजल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. हा नियम सगळ्यात आधी मोडला जातो, कारण मुलांना मदत करायची घाई असते. तेव्हा लक्ष तिथेच ठेवा. शब्द चुकला तर मागची बाजू दाखवायची, एकदा म्हणून घ्यायचा आणि ते कार्ड पुढच्या तीन कार्डांच्या मागे सरकवायचं. लगेच विचारलं तर ती पोपटपंची होते, आणि गठ्ठ्याच्या तळाशी घातलं तर पाळी येईपर्यंत शब्द विसरलेला असतो. आठ झाले की अदलाबदल. सात-आठ मिनिटांत सगळा वर्ग बोलून होतो. आवाज होणारच, पण तो बोलण्याचा असतो. शर्यत काढून टाकल्यावर ओरडायचं कारण उरत नाही, आणि गुण मोजायचेच तर त्या जोडीने काल किती सांगितले याच्याशीच मोजा.

पंचावन्न मुलांसाठी सुमारे 220 कार्डं लागतात. 22 बाय 28 इंची कार्डशीटमधून पावणेतीन बाय चार इंचाची 56 कार्डं निघतात, म्हणजे चार शीट पुरतात. मार्कर वापरू नका, शाई मागे उमटते आणि उत्तर फुटतं. पेन्सिलीचं चित्र आणि बॉलपेन बरं. गठ्ठ्याला रबर लावू नका, सोलापूरच्या एप्रिलमध्ये ते वितळून कार्डांना चिकटतं. जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट उत्तम.

चित्राबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. गोल काढला की तो भाकरी, चपाती, ताट, चंद्र काहीही होतो. चौकोन काढला तर चादर की टॉवेल हे कुणी सांगावं? टेरी टॉवेलचा तुकडा चिकटवला तर प्रश्न सुटतो, पण कार्ड फुगतं आणि गठ्ठ्यात पाठीवरूनच ओळखू येतं. म्हणून तसं कार्ड फक्त वर्गाला दाखवण्यासाठी ठेवा. आणि नवे शब्द देताना सगळी फळं किंवा सगळे रंग एकदम देऊ नका. सीताफळ, रामफळ, डाळिंब, पेरू एकाच दिवशी आले की मुलं त्यांची आपसांत अदलाबदल करतात. हा घोळ प्रयोगांतही दिसलेला आहे. कुलूप, भिजणे, उंच, पेरू असा सरमिसळ गठ्ठा लवकर पक्का होतो. गटवारी नंतर, शब्द रुळल्यावर.

आता सुट्या शब्दांचा मुद्दा. इथे मी तुमच्याच बाजूने आहे, आणि तेलुगू-कन्नड घरांतल्या मुलांसाठी तर जास्तच. त्या भाषांत निर्जीव वस्तूंना तो-ती अशी विभागणी नाही. त्यामुळे ‘वही’ शब्द आला तरी मूल ‘माझा वही हरवला’ म्हणतं. म्हणून कार्डाच्या मागे नुसतं ‘वही’ न लिहिता ‘ती वही, वह्या’ असं लिहा आणि तो, ती, ते यांना तीन रंगांच्या चौकटी द्या. चौकट मागेच हवी. चित्राच्या बाजूला काढली तर उत्तर आयतं मिळतं.

मग चौघांचा खेळ घ्या. ओळखीच्या झालेल्या 12 वस्तूंच्या जोड्या करा: डबा, रुमाल, चेंडू, खडू, वही, पेन्सिल, बाटली, छत्री, दप्तर, पुस्तक, कुलूप, घड्याळ. एकूण 24 कार्डं. प्रत्येकाला पाच, उरलेली चार मधे पालथी. आपल्या हातातल्या कार्डाचा जोडीदार मागायचा: ‘तुझ्याकडे माझी वही आहे का?’ असेल तर ‘हो, ही घे तुझी वही’ म्हणत द्यायची. नसेल तर ‘नाही, तुझी वही माझ्याकडे नाही’, आणि मागणाऱ्याने मधलं एक उचलायचं. ‘माझा वही’ म्हटलं तर असूनही कार्ड मिळत नाही. दोन डावांत मुलं घाईने नुसतं ‘वही?’ विचारायला लागतात. अर्धं वाक्य म्हणजे पाळी गेली, हे सुरुवातीलाच ठरवा. वाक्याचा साचा पहिल्या डावापुरता फळ्यावर ठेवा, मग पुसा.

‘उशीर’, ‘कंटाळा’ अशा शब्दांना चित्र जमत नाही. तिथे पुढे गाळलेलं वाक्य लिहा: ‘बस चुकली म्हणून शाळेत यायला ___ झाला.’ ‘मात्र’, ‘तरी’, ‘तर’ यांच्यासाठी कार्डं करूच नका, ते वाचनातूनच येतात.

पाठांतराला माझा विरोध नाही, पण यादी पाठ झाली की मूल क्रम पाठ करतं. मधलाच शब्द विचारा, ते पहिल्यापासून म्हणायला लागतं. कार्डं पिसली की हा आधार जातो. दुसऱ्या दिवशी शब्द उरत नाहीत याला उपाय म्हणजे उजळणीची पाकिटं. लाइटनर या जर्मन लेखकाने 1970च्या दशकात पाच कप्प्यांची पद्धत मांडली, वर्गात तीन पाकिटं पुरतात. पहिलं रोज, दुसरं सोमवार-गुरुवार, तिसरं शनिवारी. बरोबर आलं की कार्ड पुढच्या पाकिटात, चुकलं की थेट पहिल्यात. तासाची पहिली आठ मिनिटं यालाच द्या, बाकीच्या 27 मिनिटांत तुमचा धडा.

आणि परीक्षेत शब्द लिहावा लागतो, तो बोलण्याच्या खेळातून येत नाही. शनिवारी तिसऱ्या पाकिटातले पाच शब्द न पाहता वहीत लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तर ते कार्ड दुसऱ्या पाकिटात परत टाका, पहिल्यात नको. शब्द त्याला आलेला आहे, फक्त हाताला सवय व्हायची आहे.