व्हॅनिलाचा वास उडाल्यावर काय उरतं?

फ्लेवर्ड सिगार म्हटलं की दर्दी लोक नाक मुरडतात आणि नवखे लगेच भुलतात. मला दोन्ही पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तंबाखूचा तिटकारा असेल त्यांनी खुशाल पुढं सरकावं, राग नाही.

मेहुण्यानं दुबईहून येताना व्हॅनिलाच्या माइल्ड सिगारचा एक लहान डबा आणला. ब्रँडचं नाव मुद्दाम टाळतो, कुणाची फुकटात जाहिरात कशाला करू? माल डोमिनिकन रिपब्लिकचा, कोरोना नावाच्या आकाराचा. साडेपाच इंच लांबी, ४२ रिंग गेज. इंचाचे ६४ भाग करून ही जाडी मोजतात, म्हणजे ४२ला साधारण पावणेसतरा मिलिमीटर. वरचं पान फिकट बदामी, कनेटिकट शेड. अमेरिकेतल्या कनेटिकट नदीच्या खोऱ्यात हे पान कापडी मांडवाखाली वाढवायची जुनी रीत. इक्वाडोरमध्ये मांडवाची गरज पडत नाही, तिथं ढगाळ आभाळच सावली धरतं. ऊन कमी लागलं की पान पातळ राहतं, शिरा बारीक राहतात आणि धूर सौम्य येतो.

सेलोफेन काढलं आणि गच्चीभर व्हॅनिला! घरातून लगेच विचारणा झाली, "केक आणलाय काय रं?"

आता इथंच लोक फसतात. वास छान म्हणजे सिगार छान, असं नसतं. वास लावायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत तंबाखूची पानं सुगंधी पदार्थांसोबत बंद खोलीत मुरवत ठेवतात, त्याला वेळ लागतो. दुसरीत अर्क फवारतात आणि तोंडाकडच्या टोकाला गोडवा लावतात. दुसरी तऱ्हा स्वस्त आणि झटपट, त्यामुळं हलका माल खपवायलाही सोयीची. खवा शिळा झाला की पेढ्यात वेलदोडा जास्त पडतो, तसलाच प्रकार.

माझे मामा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होते. सुट्टीत तिकडं गेलो की दारातच तंबाखूची खाट (उग्र वास) नाकात शिरायची आणि ठसका लागायचा. तो बिडीचा तंबाखू, उन्हात वाळवलेला. सिगारचं पान सावलीत, वाऱ्यावर टांगून वाळवतात आणि मग थप्पी लावून आंबवतात. थप्पी आतून तापते, ती उलथून पुन्हा रचायची, असं बरेच दिवस चालतं. त्यात पानाचा उग्रपणा उतरतो. आंबवणीत घाई केलेली असेल तर वरून कितीही व्हॅनिला ओता, घशाला कळतंच.

म्हणून माझी पद्धत अशी. वासाकडं आधी काणाडोळा करायचा. टोपी, म्हणजे तोंडाकडचं बंद टोक, जेमतेम दोन मिलिमीटर कापायची आणि न पेटवता झुरका ओढून बघायचा. हवा सहज आली पाहिजे. या सिगारची आली. ओठाला मात्र साखर लागली, म्हणजे टोक गोड केलेलं. तिथं एक गुण कापला. काडीचा गंधक जळून जाऊ द्यायचा, पेट्रोलचा लायटर अजिबात नको. मग मिनिटाला एखादा झुरका, तोही तोंडातच फिरवून सोडायचा, छातीत घ्यायचा नाही.

पहिला एक तृतीयांश हिस्सा म्हणजे नुसती व्हॅनिला, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. मधल्या हिश्श्यात ओठाची साखर संपली आणि खरी परीक्षा सुरू झाली. आश्चर्य म्हणजे तंबाखू होता! भाजक्या शेंगदाण्यासारखी चव, थोडं देवदाराचं लाकूड, मागं साईसारखा मऊपणा. थोडा धूर नाकातून सोडला तर मिरीचा बारीक चटका. राख पांढुरकी, इंचभर टिकून राहिली, म्हणजे आत चुरा कोंबलेला नाही, लांब पानं आहेत. शेवटचा हिस्सा मात्र फसला. गोड अर्क तापून कडवट झाला आणि तोंडात जळकी चव राहिली. अशा वेळी ओढत बसू नये, बाजूला ठेवावी, आपोआप विझते.

आपल्या कोल्हापूरच्या दोन अडचणी. एक, तांबडा रस्सा ओरपून माइल्ड सिगार पेटवू नका. तिखटानं बधिर झालेल्या जिभेला काहीही कळणार नाही. दुसरी, पावसाळा. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. कोल्हापूरचा आषाढ त्याच्या कितीतरी वर. उघडी ठेवली की ती फुगते, एका बाजूनं जळत जाते, सारखी विझते. हवाबंद डबा लागतोच, आणि फ्लेवर्डचा डबा वेगळाच ठेवायचा, नाहीतर चार दिवसांत शेजारच्या साध्या सिगारलाही व्हॅनिला लागते. सोबत बिनसाखरेचा कोरा चहा उत्तम. गुळाचा चहा घेतलात तर गोडावर गोड.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. "माइल्ड आहे, फ्लेवर्ड आहे, काही होत नाही" असं सांगून कॉलेजच्या पोरांच्या हातात ही देतात. साफ खोटं. माइल्ड ही चव झाली. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडाच्या त्वचेतूनच रक्तात जातं, धूर छातीत घ्यायची गरज नाही. काही मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या सिगारेटच्या पाकिटाइतका तंबाखू असतो. आणि धूर छातीत घेतला नाही म्हणून तोंडाचा कर्करोग टळत नाही. मी चाळिशी ओलांडून, हे माहीत असून, सणासुदीला कधीतरी ओढतो. त्याचं समर्थन करणार नाही, पण अठराच्या पोराला आईस्क्रीमच्या वासानं गळाला लावणं हा निव्वळ नालायकपणा आहे.

गुण? दहापैकी सहा. बांधणीला पैकीच्या पैकी, मधल्या हिश्श्याला शाबासकी, गोड टोक आणि कडवट शेवट यांचे चार कापले. हेच पान, हाच भरणा बिनवासाचा मिळाला तर आठ देईन.

निपाणी-चिकोडीकडं तंबाखूची शेती केलेलं कुणी वाचत असेल तर एक सांगा: आपल्याकडचं पान उन्हाऐवजी सावलीत टांगून वाळवून बघितलंय का कुणी? काय झालं त्याचं?