'त्यांच्या पश्चात' मध्ये नसलेलं नाव

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. आईला विचारलं, काकांना विचारलं, दोघंही म्हणाले लिही, फक्त नावं नको. म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा पण वाचा.

माझा मामा डोंबिवलीला राहायचा. लग्न केलं नाही. त्याच्यासोबत काका राहायचे, म्हणजे त्याचा जोडीदार, आम्ही त्यांना काका म्हणतो. २००१ पासून, एकाच वन बीएचकेमध्ये. आम्ही कऱ्हाडचे. मे महिन्यात मामाकडे गेलो की काका आम्हाला स्टेशनवर घ्यायला यायचे, गणपतीत उकडीचे मोदक तेच करायचे आणि आई कबूल करायची की त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा बऱ्या कळ्या पडतात. आजी होती तोवर दिवाळीला दोन शर्टपीस पाठवायची, एक मामाला आणि एक "त्याला". कधी नाव घेतलं नाही पण कधी एकच शर्टपीस पण पाठवला नाही. घरात माहीत सगळ्यांना होतं, त्यावर बोलायचं कोणी नाही.

मला मोठी होईपर्यंत वाटायचं की आमचं घर किती चांगलं, कोणी भांडलं नाही, कोणी तोडलं नाही, सांभाळून घेतलं. आता तसं वाटत नाही. का वाटत नाही तेच सांगायचंय.

२०२२ ची दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांनी मामाला स्ट्रोक आला. मेंदूत रक्तस्राव, लगेच ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. काकांनी त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. मी ठाण्याला असते, ट्रॅफिकमधून पोचायला मला सव्वा तास लागला. पोचले तेव्हा काका काउंटरपाशी उभे होते, एका हातात मामाचा चष्मा आणि दुसऱ्या हातात कॅरीबॅग, त्यात त्याच्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, बीपीची कुठली, शुगरची कुठली, रक्त पातळ करायची कधीपासून चालू, सगळं पाठ. समोर संमतीचा फॉर्म होता. त्यात 'रुग्णाशी नाते' असा रकाना असतो. तिथे त्यांनी 'मित्र' लिहिलं होतं आणि काउंटरवरची मुलगी म्हणत होती, "काका, फ्रेंडची सही नाही चालत, ब्लड रिलेशनमधलं कोणी आहे का?" ती उर्मट नव्हती हो, तिला जे सांगितलेलं तेच ती बोलत होती.

मी 'भाची' लिहिलं आणि सही केली. दोन मिनिटांत झालं. मामाला मी त्याआधी सात महिन्यांत भेटले नव्हते. त्याला कुठल्या गोळ्या चालू आहेत ते मला माहीत नव्हतं, ब्लड ग्रुप माहीत नव्हता, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी काकांकडे बघत होते आणि काका सांगत होते. पण सही माझी चालली.

मामा चौथ्या दिवशी गेला. पेपरमध्ये निधनाची बातमी आली, मोठ्या मामानेच दिली होती, "त्यांच्या पश्चात भाऊ, दोन बहिणी, भाचे असा परिवार आहे." एकवीस वर्षं ज्या माणसाने त्याच्यासोबत संसार केला तो परिवारात नव्हता. कोणी मुद्दाम वगळलं असंही नाही. लिहायचं काय? 'मित्र' लिहिलं तर कमी पडतं, आणि दुसरा शब्द आपण बनवलेलाच नाही किंवा बनवलाय तो तोंडातून निघत नाही.

ऑफिसमध्ये एकदा विषय निघाला तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं पण आता तर ते लीगल झालं ना?" खूप जणांना असंच वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम इंग्रजांनी १८६० च्या पीनल कोडमध्ये घातलं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना ते लावता येणार नाही, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल उलटवला, आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. न्या. इंदू मल्होत्रांनी निकालात लिहिलंय की इतिहास या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी देणं लागतो. कुटुंबांची पण, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे मधली चार वर्षं सोडली तर २०१८ पर्यंत माझा मामा आणि काका स्वतःच्या घरात, स्वतःच्या दाराला कडी लावून, कायद्याने गुन्हेगार होते. ते गेलं. पण गुन्हा नाही म्हणजे नातं आहे असं होत नाही. पोलिसांचा प्रश्न संपला, काउंटरचा तसाच आहे, सोसायटीचा, तलाठ्याचा तसाच आहे.

आणि ज्यांना "ही आपली संस्कृती नाही" म्हणायचंय त्यांनी हे तरी बघावं की शिक्षेचा कायदा परका होता. आपल्याकडे तर १९२७ साली रघुनाथराव कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक विषयांवर उघड लिहीत होते, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. केस हरले पण उभे राहिले. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. शेजारच्या नेपाळमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अशा जोडप्याच्या लग्नाची नोंद झाली, तिथे काय आपल्यापेक्षा कमी देवळं आहेत का.

आता फ्लॅटचं सांगते कारण खरा पेच तिथे आहे. फ्लॅट मामाच्या एकट्याच्या नावावर, कारण लोन त्याच्या पगारावर झालं. हप्ते दोघांनी भरले, काका त्यांचा अर्धा वाटा दर महिन्याला मामाला रोख द्यायचे, त्याची कुठे चिठ्ठी नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून आजीचं नाव होतं, २००१ च्या फॉर्मवर भरलेलं, आजी २०१४ ला गेली, नाव बदलायचं राहून गेलं. मृत्युपत्र नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण करतं? त्यामुळे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित माणसाचे आईवडील नसतील तर घर भावंडांकडे. म्हणजे मोठा मामा, माझी आई आणि मावशी. काका त्या यादीत पहिल्याच काय शेवटच्या ओळीत पण नाहीत.

आई आणि मावशी पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या की घर त्यांचंच आहे, देऊन टाकू. मोठ्या मामाला थोडा वेळ लागला पण तोही तयार झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मग आम्ही वकिलाकडे गेलो आणि तिथे कळलं की द्यायची इच्छा असली तरी देणं किती महाग आहे. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला किंवा आईबापाने मुलांना राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये. काकांना द्यायचं तर ते परके, विक्रीसारखी बाजारभावावर पूर्ण ड्युटी. हक्कसोड पत्र वारसाने वारसाला केलं तर चालतं, काका वारस नाहीत. वर इन्कम टॅक्स, कारण नातेवाईकाने फुकट दिलेल्या घरावर टॅक्स नाही पण परक्याने दिलं आणि किंमत ५० हजारांच्या वर असली तर घेणाऱ्याचं ते उत्पन्न धरतात. काकांना पेन्शन नाही, ते एका दुकानात हिशेब लिहायचे, एवढे पैसे आणणार कुठून? या टॅक्सच्या भेदभावावर २०२५ मध्ये एका जोडप्याने मुंबई हायकोर्टात याचिका केली तेव्हा ती बातमी मी काकांना पाठवली, त्यांनी नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला. मामाने मृत्युपत्र केलं असतं तर यातलं काहीच लागलं नसतं, ना ड्युटी ना टॅक्स. तुमच्या घरात, मित्रांत असं जोडपं असेल तर त्यांना आज, या आठवड्यात मृत्युपत्र करायला सांगा, दोन साक्षीदार घ्या, जमलं तर रजिस्टर करा. हात जोडून सांगते.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टात समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या हक्काचा निकाल होता. मी सुट्टी घेऊन काकांकडे गेले, मोबाईलवर लाईव्ह बघत होतो. कोर्टाने सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये आम्ही बदल करणार नाही, ते संसदेचं काम. लग्न नाही तर निदान जोडीदार म्हणून मान्यता, तीही तीन विरुद्ध दोनने नाकारली. काका शेवटपर्यंत बघत बसले. त्यांचा माणूस गेलेला, त्यांना त्या निकालातून काही मिळणार नव्हतं तरी बघत बसले. नंतर सरकारने कमिटी नेमली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की जॉइंट अकाउंट काढायला अडचण नाही, जोडीदाराला नॉमिनी करता येईल, रेशन कार्डासाठी एक कुटुंब धरा, जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराला द्या. चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. पण शेवटचं परत वाचा. नातेवाईक नसतील तर. म्हणजे आम्ही होतो, तर आम्हीच. २०२५ च्या जानेवारीत फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले.

मला लग्नाच्या मांडवाचा आग्रह नाही. त्याला लग्न म्हणा, दुसरं काही म्हणा, पण कागदावर एक नाव द्या ज्याच्यावर सही चालेल. कारण आपण जे 'सांभाळून घेतो' ना, ते आपल्या मर्जीवर असतं. आई चांगली आहे म्हणून चाललंय. उद्या आई नसेल, मावशी नसेल, मोठ्या मामाच्या मुलांना काकांशी काही देणंघेणं नाही, तेव्हा त्या सांभाळण्याचं काय होणार? मान मर्जीवर मिळत नाही. आजीने शर्टपीस पाठवला पण नाव नाही घेतलं, आम्ही काका म्हटलं पण 'पश्चात' मध्ये नाही घातलं, या दोन्ही गोष्टी आम्हीच केल्या, प्रेम असूनही केल्या, आणि मला त्याची लाज वाटते.

सध्या काका त्याच घरात राहतात, "आमची काही हरकत नाही" या तत्त्वावर. मेंटेनन्सचं बिल अजून मामाच्या नावाने येतं, ते भरतात. सोसायटीच्या मीटिंगला ते जात नाहीत, मेंबर नाहीत म्हणून.

गेल्या महिन्यात त्यांचा आईला फोन आला, मी तेव्हा कऱ्हाडलाच होते, आईने स्पीकरवर ठेवला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, गुडघ्यांचं विचारलं, मग जरा थांबून म्हणाले, "ताई, बाथरूमचा नळ गळतोय, बदलून घेतला तर चालेल ना?"