लाज कशाची? ('खाडीपलीकडचा' यांना उत्तर)

'खाडीपलीकडचा' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

स.न.वि.वि.

लेकीची दोन कासवं मस्कतहून जर्मनीला कशी गेली, त्याची हकीकत मी मागच्या आठवड्यात लिहिली होती. त्यावर आपली प्रतिक्रिया आली. खाली चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे लिहिते. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आपलं म्हणणं आहे तसं देते, काना-मात्रा न बदलता:

"लेख माहितीपूर्ण आहे. पण मुदत चुकली आहे, पुनर्निर्यातीचा दाखला सहाच महिने चालतो. तीन दिवस उपाशी ठेवून खोक्यात घालणं मला क्रूर वाटतं. कुणा जाणत्याला तिथेच देता आली नसती का? तुमचं वाचून आपल्याकडे घरात गुपचूप कासव पाळणारे लोक कागद जमवायला लागतील, त्यांच्यासाठी एक ओळ तरी हवी होती. कोकणात, वेळासच्या इतक्या जवळ राहून असं लिहायला लाज वाटायला हवी होती. आणि दोनातलं एक वर्षाच्या आत गेलं, ते शेवटी एका वाक्यात का उरकलंत?"

जे खरं ते आधी मान्य करते. मुदत चुकलीच. ही कासवं हरमान जातीची, भूमध्य समुद्राच्या आसपासची. 'साइटीस' या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ती येतात, पण युरोपीय संघ त्यांना आपल्या सर्वांत कडक यादीत धरतो. त्यामुळे आधी बॉनच्या निसर्गसंरक्षण कार्यालयाकडून आयातीचा परवाना आणि मग मस्कतहून पुनर्निर्यातीचा (बाहेरून आलेला जीव पुन्हा बाहेर नेण्याचा) दाखला, असे दोन कागद लागतात. पहिला बारा महिने चालतो, दुसरा सहा. मी दोघांनाही 'वर्षभर' लिहून मोकळी झाले. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. चूक दाखवली की मी मान्य करते, माझे जुने वाचक हे जाणतात.

आता लाजेकडे वळू.

आमच्याकडे कुणी ओटीवर आलं तर आधी पाणी विचारतात, मग कुठले, कुणाचे ते विचारतात, आणि मग पाहुणा काय बोलायचं ते बोलतो. आपण पहिल्याच भेटीत माझी लाज काढलीत, आणि नाव मात्र 'खाडीपलीकडचा'. कुठल्या खाडीच्या पलीकडचे? आमच्या गुहागर तालुक्याला दोन्ही अंगांना खाड्या आहेत. धोपाव्याला फेरीबोटीत चढलं तर माणूस दाभोळला उतरतो, तवसाळला चढलं तर जयगडला. स्वतःचा धक्का सांगायचा नाही आणि दुसऱ्याला लाज शिकवायची, ही कुठली रीत? आणि समुद्री कासवं अंडी घालायला येतात ते वेळास 'इतक्या जवळ' नाही हो. फेरीबोट धरून, दापोलीवरून, केळशी गाठून जायचं म्हणजे निम्मा दिवस मोडतो. मी गेलेली आहे, म्हणून सांगते.

तर वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली तिथे अंडी राखायला सुरुवात केली, त्याआधी ती अंडी कुठे जात होती हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कामापुढे मी हात जोडते. पण तिथलं कासव कुठलं आणि माझ्या लेकीचं कुठलं, याचा आपण क्षणभर तरी विचार केलात का? आपल्या भाषेची ही एक अडचणच आहे. खारं, गोडं, जमिनीवरचं, सगळ्याला आपण 'कासव' म्हणून मोकळे होतो. वेळासला येते ती ऑलिव्ह रिडले. मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते, नर तर एकदा पाण्यात गेला की बहुधा जन्मात पुन्हा वाळूला पाय लावत नाही. हरमान कासवाला त्याच पाण्यात सोडलं तर बुडून मरेल. त्याला पोहता येत नाही. त्याला हवं असतं कोरडं ऊन, माती आणि कडवट पाला. एकाचं उदाहरण देऊन दुसऱ्याचा न्याय करायचा, म्हणजे मांजराच्या नावाने वाघाला दूध पाजण्यासारखं आहे.

आणि प्रवासाचंच पाप असेल तर २०२३ साली गुहागरच्या किनाऱ्यावरून पाठीवर माग काढायचं यंत्र लावून सोडलेली बागेश्री ही ऑलिव्ह रिडले आठवा. कन्याकुमारीला वळसा घालून ती श्रीलंकेच्या अंगाला गेली. तिच्याकडे कुणी दाखला मागितला नाही. (हा विनोद आहे. खाली पुन्हा शिकवायला येऊ नये.)

माझ्याविषयी चार ओळी लिहाव्या लागतात, कारण लाज माझी काढली आहे. माझ्या आजोळी विहिरीत कासव होतं. मऊ पाठीचं, काळसर. पाणी स्वच्छ राहतं म्हणून आजोबांच्याही आधी कुणीतरी सोडलेलं. रहाटाचा आवाज झाला की ते वर यायचं, आणि आजी भाताची शितं टाकल्याशिवाय पहिली कळशी भरायची नाही. देवळात शिरताना घंटेच्या आधी दगडी कासवाला हात लावणारी आम्ही माणसं. मस्कतला पंधरा वर्षं काढून २०१८ साली इथे परत आले, तेव्हापासून हंगामात पहाटे किनाऱ्यावर जाते. कासवमित्र पोरं घरटं शोधून अंडी हॅचरीत, म्हणजे ती राखायच्या कुंपणात नेतात तेव्हा बादली धरायला मी असते. पन्नासेक दिवसांनी टोपलीखाली वाळू हलते, ते पाहायला शाली पांघरून उभी राहते. तुम्ही कुठे असता त्या वेळी? उंटावर बसून शेळ्या हाकायला खाडीपलीकडून सोपं जातं.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही.

उपाशी ठेवणं. अहो, ते कासव आहे. बाहेरची ऊब असेल तरच त्याच्या पोटात अन्न जिरतं. विमानाच्या पोटात गारठलं तर खाल्लेलं आत कुजतं, म्हणून आधी पोट रिकामं करतात आणि कोमट पाण्यात बसवून पाणी पाजतात. आठवडाभर न खाता ते मजेत राहतं. खोकं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे जिवंत प्राण्यांसाठीचे नियम छापील आहेत. प्रत्येकाला वेगळा कप्पा, हवेला भोकं, एकावर एक रचायचं नाही. आम्ही एप्रिलमध्ये रात्रीचं विमान घेतलं ते मस्कतच्या दुपारची झळ लागू नये म्हणूनच. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारणाऱ्यांनी दुसऱ्याच्या उपासाची एवढी काळजी करू नये.

'जाणत्याला द्यायची.' दिलेलीच होती ती! आमच्या शेजारचं युरोपीय कुटुंब २०११ साली मायदेशी निघालं तेव्हा कागदांच्या फाइलीसकट ती आमच्या दारात ठेवून गेलं. जाणते म्हणून आमच्याकडेच. पुन्हा पुढच्या दारात ठेवायची? हरमान कासव पन्नास वर्षं सहज जगतं, त्यात किती दारं बदलायची? गुहागरला का आणली नाहीत, असं आणखी एकाने विचारलं आहे. मुक्काम हलवून भारतात येणाऱ्याला सामानाबरोबर पाळीव कुत्रं-मांजर आणता येतं, कासव नाही. आणि आणता आलं असतं तरी आमच्या आषाढात त्यांची नाकं वाहायला लागून महिनाभरात कारभार आटोपला असता.

गुपचूप पाळणाऱ्यांसाठी ओळ हवी? ही घ्या. स्टार कासव २०१९ पासून 'साइटीस'च्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही आहे. विहिरीतलं मऊ पाठीचं कासवही त्याच अनुसूचीत. जवळ सापडलं तर तीन ते सात वर्षं तुरुंग. त्याला परदेशी नेण्याचा कागद नसतोच, मग माझा लेख वाचून जमवणार काय? वन्यजीव कायदा १९७२ सालचा आहे, तो माझ्या लेखासाठी थांबलेला नव्हता. माझ्या आजोळची विहीर आता काढू नका, तो काळ वेगळा होता.

राहिलं शेवटचं वाक्य. एक कासव गेलं ते मी एका ओळीत का लिहिलं. कुठल्या गोष्टीला किती ओळी द्यायच्या ते लिहिणारी ठरवते. लेख कागदपत्रांविषयी होता. फ्रँकफर्टला जकातीत काय तपासतात, घर लागल्यावर स्थानिक कार्यालयात नोंद कशी करतात, पोटाकडच्या कवचाचा फोटो आलेखाच्या कागदावर ठेवून का काढतात (कवचावरच्या रेषा म्हणजे जणू कासवाच्या बोटांचे ठसे). लोकांना ते हवं होतं. तुम्हाला नेमकं तेच एक वाक्य दिसलं.

मस्कतला सात वर्षं ती कासवं हिवाळ्याची लांब झोप कधी झोपली नव्हती. जर्मनीत नोव्हेंबरात झोपवली, पाच अंशांवर, तिकडच्या रीतीप्रमाणे. दर आठवड्याला वजन करायचं, दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर उठवायचं. धाकट्याचं आठ उतरलं होतं. जानेवारीत लेकीचा फोन आला, आई, नाकाशी ओल दिसते, उठवू का? मी इथे अंगणात सुपारी वाळत घालत होते. म्हटलं, दहाच्या आत आहे ना, झोपू दे.

झालं समाधान?

मोठं बरं आहे. सव्वा किलोचं झालंय, आता ते थंडीत जागं असतं.

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही, होती तिथेच आहे.