११५५ गुणांची पत्रिका

मी पत्रिकावाला आहे. बघणारा नव्हे, बनवणारा. जयप्रकाश नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीवर पंचवीस प्रकारच्या गणपतींचा तक्ता, एवढ्यावर माझं डीटीपीचं दुकान चालतं. मे महिना म्हणजे आमची सुगी. त्याच सुगीत एका दुपारी ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की नक्की यायचं हं’ ही ओळ टाइप करताना, शेवटच्या ‘ह’वर अनुस्वार द्यायच्या आत, कॉम्प्युटर बंद पडला.

बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. मॉनिटर काळा तो काळाच. बायको दारातूनच म्हणाली, “अहो, ऊन लागलं असेल त्याला.”

ऊन लागणं हा नागपुरात थट्टेचा विषय नाही. २०२४च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आम्ही थोडे हिरमुसलो आणि २३ मे २०१३च्या ४७.९ वर पुन्हा समाधान मानलं. पण त्या सेन्सरची बाजू कोणी घेतली नाही. त्यालाही ऊनच लागलं असणार.

माझ्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र मी गाफील नव्हतो. खिडकीतल्या कूलरचं तोंड मी मार्चपासूनच कॅबिनेटकडे वळवून ठेवलं होतं. स्वतः घाम पुसत बसायचो, पण त्याला गारवा. हे वाक्य लक्षात ठेवा.

आधी घरगुती उपचार झाले. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासायचे, हा आपल्याकडचा रामबाण. मुलीच्या कंपासपेटीतला रबर सुगंधी निघाला. रॅमला स्ट्रॉबेरीचा वास आला, बाकी फरक शून्य. मग एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, चोवीस पिनांचा प्लग बोर्डवरून उपटून त्यातली हिरवी आणि काळी वायर बायकोच्या केसांच्या पिनेने जोडली. एसएमपीएसचा पंखा गरगरला. म्हणजे हा जिवंत. नाण्याएवढा २०३२ नंबरचा सेल बदलला, तीस रुपये गेले. शेवटी टॉर्च मारून पाहिलं तर प्रोसेसरशेजारी ओळीने उभे असलेले तीन कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेले, एकाच्या डोक्यावरच्या चिरेतून तपकिरी काहीतरी बाहेर आलेलं. मदरबोर्ड, म्हणजे सगळं ज्यावर बसतं तो मुख्य बोर्ड, गेला होता.

“किती लागतील?” बायकोने विचारलं. नंतर स्वतःच उत्तर दिलं, “अडीच हजार आहेत. त्यात कूलरच्या वाळ्याच्या ताट्याही बदलायच्या आहेत. बसवा, नाही तर बसा.”

नवा कॉम्प्युटर घेणं हा पर्यायच नव्हता, आणि तो फक्त पैशांमुळे नव्हे. पत्रिका जुळवायचं माझं सॉफ्टवेअर, पेजमेकर, आहे २००१ सालचं सातवं व्हर्जन. मराठी फॉन्ट जुने, डाँगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं यंत्र, मागे लावल्याशिवाय न उघडणारे. त्यांतली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं यांचा चिवडा दिसतो. नवरीचं नाव डॉलरने सुरू झालेलं वरपक्षाला एक वेळ चालेल, वधूपक्षाला नाही.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट चादरीत गुंडाळून निघालो. आईने खिशात कांदा घातला. मेट्रो स्टेशनवर बॅगा तपासायच्या मशीनमधून कॅबिनेट गेलं तसा गार्ड म्हणाला, “काय आहे जी यात?”

“कॉम्प्युटर. मदरबोर्ड गेला आहे.”

त्याने पडद्याकडे नीट पाहिलं. “कुठं गेला? आतच तर दिसून राहिला.”

बर्डीवरचं, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातलं, पहिलं दुकान काचेचं होतं. तिथल्या पोराने मला ‘काका’ म्हटलं, तिथेच माझा निम्मा भाव पडला. “काका, एच ६१ आहे हा. २०११चा चिपसेट. आता नवीनच घ्या.” नवा बोर्ड घेतला की त्याला नवा प्रोसेसर, प्रोसेसर आला की नवी रॅम, रॅम आली की म्हणे एसएसडी तरी कशाला सोडता. कॅल्क्युलेटरवर बावीस हजार उमटले. मी एक मदरबोर्ड मागायला गेलो होतो, यांनी अख्खं वऱ्हाडच गाडीत बसवलं.

दुसऱ्याकडे बोर्ड स्वस्त होता, एच ८१. माझा चेहरा फुलतो न फुलतो तोच त्याने प्रोसेसर विचारला. आय-थ्री २१२०. “नाही जमत भाऊ. तुमचं सॉकेट ११५५, याचं ११५०.”

सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, आकडा तिच्यातल्या पिनांचा. आता पाच पिनांनी काय होतं? आपल्याकडे ३६ पैकी १८ गुण जुळले तरी मांडव पडतो. इथे ११५५ पैकी ११५० जुळूनही नाही म्हणतात! माझ्या आयुष्यातली ही सर्वांत कडक पत्रिका. रॅमचंही तेच. डीडीआर थ्रीच्या पट्टीची खाच एका जागी, डीडीआर फोरच्या स्लॉटमधला उंचवटा दुसऱ्या जागी. थेट एकनाड. शांत करायची सोय नाही.

तिसरं दुकान म्हणजे जिन्याखालची दीड माणसाची जागा. आत सोल्डरचा धूर आणि एक पोरगा. त्याने माझा बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला. “कपॅसिटर तर बदलून देतो, पण ट्रॅकला गंज चढला आहे. पाणी कुठून गेलं?”

“पाणी नाही. कूलर होता.”

“कॅबिनेटवर कूलर लावून राहिले होते?”

“उन्हाळा आहे न.”

तो काही बोलला नाही. शेजारच्या दुकानाकडे मान वळवून ओरडला, “अबे, इकडे ये. पाहून जाय!” दोघं जण आले. त्यांनी बोर्ड पाहिला, मग मला पाहिलं. वाळ्यातून आलेली गार हवा माणसाला सुखाची, पण तिच्यातली ओल बोर्डवर बसते, धुळीचा चिखल होतो आणि तांब्याच्या रेघा खात जातो, हे मला तिथे तिघांनी आळीपाळीने समजावलं. एकाने तर वहीवर चित्र काढलं.

“यूज्ड चालंल काय?” पोराने विचारलं. खोक्यातून एच ६१ निघाला. सायबर कॅफेतून आलेला, अंगावर धुळीचा थर, कपॅसिटर मात्र ताठ मानेचे. बिजवर, पण तब्येतीने ठणठणीत. बावीसशे म्हणाला, मी पंधराशे म्हणालो. मध्ये कांदा काढून टेबलावर ठेवला, त्याने बहुधा माझ्या परिस्थितीचा अंदाज आला. एकोणीसशेत तुटलं. पंधरा दिवसांची गॅरंटी, “कूलर सोडून.”

सॉकेटमध्ये प्रोसेसर ठेवताना त्याने मला श्वास रोखायला लावला. पिना सॉकेटमध्येच असतात, मोहरीहून बारीक, एक वाकली की खेळ खलास. वर ज्वारीच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट. स्क्रीनवर अक्षरं उमटली.

घरी आल्यावर कॅबिनेटचं बटण तुटलेलं निघालं. बोर्डवरच्या पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशीन सुरू केलं. विंडोज सेव्हन उगवताउगवता निळ्या पडद्यावर आपटलं. पुन्हा तेच. पोराला फोन केला. तो जेवत होता. घास चावतच म्हणाला, “जुनी विंडोज आयडीईवर टाकली असंल, हा बोर्ड एएचसीआयवर आहे. बायोसमध्ये जा, साटा पाहा, आयडीई करा.” म्हणजे डिस्कशी बोलायची रीत बोर्डच्या सेटिंगमध्ये बदलायची. त्या एका ओळीला आधी दीड तास गेला होता.

दरम्यान नवरदेवाच्या काकाजींचे चार फोन झाले. “भाऊ, पत्रिका झाली काय?” “होऊन राहिली.”

रात्री अकराला डाँगलचा हिरवा दिवा लागला आणि फाइल उघडली. सगळं जागच्या जागी. खाली ‘यायचं ह’ तसाच उघडा. मी हिशेब सांगितला, उरलेले पैसे बायकोने मोजून घेतले. ताट्या आल्या, कूलरचं तोंड आता भिंतीकडे. खोलीत भट्टी.

सकाळी येऊन पाहतो तो कॅबिनेटच्या डोक्यावर एक कांदा. आईने ठेवला होता. मी अनुस्वार दिला, फाइल सेव्ह केली आणि कांदा राहू दिला.