कातडी फ्रिजात, गुडघे रस्त्यात

ऑस्ट्रियात इन्सब्रुकला राहायला आल्यापासून मी हिवाळाभर स्की घालून डोंगर चढतो. 'चढतो' म्हटलं की पुण्याचे नातेवाईक विचारतात, "अरे, तिथे ती दोरीवरची गाडी नसते का?" असते. पण आम्ही शहाणे स्कीच्या तळाला फेल चिकटवतो, टाच मोकळी ठेवतो आणि घाम गाळत वर जातो. फेल म्हणजे कातडी. पूर्वी खरोखर सीलची असायची, आता मोहेरची, म्हणजे बकरीच्या लोकरीची, नाहीतर नायलॉनची. मांजराच्या पाठीसारखा प्रकार: पुढे सुळकन सरकते, मागे घसरू लागलं की केस ताठ.

मे उजाडला की मात्र पंचाईत. रात्री गोठलेला बर्फ उन्हाने बोटभर रवाळ होतो, त्याला इथे फिर्न म्हणतात. त्यावरून उतरणं म्हणजे लोण्यातून सुरी. पण त्या लोण्यासाठी पहाटे तीनला उठायचं, क्रोकसच्या फुलांतून स्की पाठीवर वाहायच्या आणि बर्फाची लापशी व्हायच्या, हिमलोट सुटायच्या आत खाली यायचं. शेवटच्या खेपेला हिशेब केला: मी स्कीवर वीस मिनिटं, स्की माझ्यावर अडीच तास. म्हटलं, पुरे.

स्कींना मेण चोपडून त्या पलंगाखाली सरकवल्या. फेलचा डिंक उन्हाळ्यात खराब होऊ नये म्हणून ती पिशवीत घालून फ्रिजात, मेथीच्या जुडीशेजारी. तेव्हा सासूबाई आलेल्या होत्या. पिशवी उघडून त्यांनी चिमटीत एक केसाळ पट्टा धरला आणि नुसतं लेकीकडे पाहिलं. मेथी त्या आठवड्यात कोणी खाल्ली नाही.

मग साधे बूट चढवून निघालो पाचरकोफेल डोंगरावर. इग्ल्स गावातून चालायला लागलं की २२४६ मीटरच्या माथ्यापर्यंत सुमारे १३५० मीटर चढ. मी तो हसत चढलो. हिवाळाभर तेच तर केलं होतं! माथ्यावर पराठा खाल्ला, कमरेला हात लावून फोटो काढला आणि सवयीने खाली बघितलं. तेव्हा लक्षात आलं की पायात काही नाही. आता हे सगळं एकेक पाऊल टाकत उतरायचंय.

१९७६च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाचा स्कीपटू फ्रान्झ क्लामर याच डोंगरावरची शर्यत १ मिनिट ४५.७३ सेकंदांत उतरून सुवर्णपदक घेऊन गेला. मला चार तास लागले. सावलीतल्या ज्या बर्फाने सकाळी माझं वजन सोसलं होतं, त्याने दुपारी मला मांडीपर्यंत आत घेतलं. पाय निघाला, बूट राहिला. बूट उकरताना दुसरा पाय गेला. त्याखाली झाडांची मुळं, चिखल आणि प्रत्येक पावलाला 'अगं आई गं'. चढताना स्नायूंचं काम वेगळं, उतरताना पावलागणिक ब्रेक दाबायचं वेगळं, आणि माझे ब्रेक डिसेंबरपासून रजेवर. सत्तरीतल्या एक आजी दोन काठ्या टेकत 'सेर्वुस', म्हणजे इथला रामराम, म्हणून मला मागे टाकून गेल्या. थोड्या वेळाने त्यांचा कुत्राही गेला. त्याचे पाय तर वीतभर.

दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कठडा दोन्ही हातांनी धरून मी उलटा, पाठमोरा उतरत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई पिशव्या घेऊन वर येत होत्या. त्या थबकल्या.

"स्कीवर पडलात?"

"नाही हो," मी म्हणालो, "फिरायला गेलो होतो."