ट्राउटला नारळ देऊ नका, ग्लोव्ह काढून घ्या

बेसबॉलपटू माइक ट्राउटला त्याच्या एंजल्स टीमने आता नारळ द्यावा, असं म्हणणारे वाढत चाललेत. एंजल्सच्या गावात, कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या आसपास राहणारी आम्ही मराठी मंडळीही त्यात आलोच. २०१९ मध्ये त्याचा २७ नंबरचा शर्ट घालून मिरवणारेच आता 'काचेचं भांडं' म्हणून त्याची टर उडवतात. मला हे पटत नाही. ट्राउट टीममध्ये हवा. फक्त सध्या त्याला ज्या पद्धतीने वापरतात, तसा नको.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०१४, २०१६ आणि २०१९ असा तीनदा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झालेला माणूस. मार्च २०१९ मध्ये एंजल्सने त्याच्याशी १२ वर्षांचा, ४२.६५ कोटी डॉलरचा करार केला. तो २०३० ला संपेल, तेव्हा ट्राउट ३९ वर्षांचा असेल. करारानंतर दोन वर्षांत शरीर कुरकुरायला लागलं. २०२१ ला पोटरी, २०२२ ला पाठ, २०२३ ला डाव्या हाताचं हाड, २०२४ ला डाव्या गुडघ्यातला मेनिस्कस (गादीसारखी कूर्चा), तोही दोनदा फाटला. १६२ सामन्यांच्या हंगामात २०२१ मध्ये तो ३६ सामने खेळला आणि २०२४ मध्ये २९. लोक वैतागतात ते उगाच नाही.

पण 'त्या पैशात तीन चांगले पिचर (बॉल टाकणारे) येतील' हे जे म्हणतात ना, ते येणार नाहीत हो. मेजर लीगमधले, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधले, करार गॅरंटीड असतात. उद्या त्याला काढलं तरी २०३० पर्यंतचा पगार मालक आर्टे मोरेनो यांनाच भरायचाय. दुसऱ्या टीमला द्यायचा म्हटलं तर ती म्हणणार, पगारातला मोठा वाटा तुम्ही उचला. वर करारात नो-ट्रेड कलम आहे, म्हणजे त्याच्या होकाराशिवाय पानही हलणार नाही. आमच्याकडे कुणीतरी हमखास धोनीला मधे आणतो. अरे बाबा, चेन्नईने २०२५ साठी धोनीला ४ कोटी रुपयांत ठेवलं होतं. तिथे भावना परवडते. इथे पैसे गेलेलेच आहेत. प्रश्न इतकाच की त्या बदल्यात बॅटिंग घ्यायची की नुसता हिशेब मांडत बसायचं.

आणि एंजल्सनी हा उद्योग एकदा करून बघितलाय! अल्बर्ट पुहोल्स आठवतो का? १० वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार, दुखरे पाय, घसरलेली सरासरी. शेवटच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, त्याला घरी पाठवलं. सगळे म्हणाले, बरं झालं, सुटलो. पुढच्याच वर्षी सेंट लुई कार्डिनल्सनी त्याला २५ लाख डॉलरमध्ये घेतलं. रोज खेळवलाच नाही. मुख्यतः डावखुऱ्या पिचरसमोर उतरवला, बरेचदा डीएच म्हणून. डीएच म्हणजे पिचरच्या ऐवजी फक्त बॅटिंग करणारा, फील्डिंगची भानगडच नाही. ४२ वर्षांच्या त्या माणसाने १०९ सामन्यांत २४ होम रन मारले आणि एकूण ७०३ वर थांबला. बॅट तीच होती. वापरणाऱ्यांनी डोकं वापरलं.

ट्राउटचंही तसंच आहे. २०२५ मध्ये पाय वाचवायचे म्हणून त्याला सेंटर फील्डमधून, जिथे सर्वांत जास्त पळावं लागतं, राइट फील्डला हलवलं. एप्रिल संपतो न संपतो तोच डावा गुडघा पुन्हा दुखावला. मे अखेर परतल्यावर बहुतेक वेळ तो डीएचच होता आणि म्हणूनच १३० सामने खेळला. २६ होम रन. बॅटिंगची सरासरी फक्त .२३२ (हजारात २३२ हिट) आणि १७८ स्ट्राइकआउट, म्हणजे तितक्यांदा तीन स्ट्राइकवर बाद, हे झाकून ठेवणार नाही. छातीच्या उंचीवर येणारा वेगवान बॉल त्याला पहिल्यापासून नडतो, आता तर बॅट पोचेपर्यंत बॉल कॅचरच्या हातात असतो. पण ८७ वॉक घेतलेत बघा, म्हणजे चार वाईट बॉल सोडून फुकटात पहिला बेस. म्हणजे नजर शाबूत आहे. कुठला बॉल सोडायचा हे त्याला अजून कळतं, उशीर हातांना होतो.

ताकद कमी झाली म्हणणाऱ्यांनी २० सप्टेंबर २०२५ चा डेन्व्हरचा सामना बघावा. ४०० वा होम रन, ४८५ फूट. डेन्व्हरच्या विरळ हवेत बॉल लांब जातो हे मान्य, तरी ४८५! ज्या प्रेक्षकाच्या हाती तो बॉल लागला, त्याने परत करताना काय मागावं? ट्राउटबरोबर मैदानावर थोडा वेळ कॅच खेळायचं. आणि ट्राउट खेळला. तिकीट खिडकीला हे कळतं, आमच्या ग्रुपवरच्या तज्ज्ञांना नाही.

माझं खरं भांडण ट्राउटच्या गुडघ्याशी नाहीच. ५७ फ्रीवेवरून जाताना स्टेडियमच्या 'बिग ए' या A आकाराच्या उंच खांबावरचं कडं पेटलेलं दिसलं की समजायचं, आज जिंकले. २०१६ पासून सलग १० हंगाम या टीमने जिंकले त्याहून जास्त सामने हरलेत. शेवटचा प्लेऑफ २०१४ चा, त्यात कॅन्सस सिटी रॉयल्सनी ३-० ने उडवलं. जपानी स्टार शोहेई ओहतानी आणि ट्राउट एकाच डगआउटमध्ये सहा हंगाम होते, तरी एकदाही प्लेऑफ नाही. ओहतानी डॉजर्सकडे गेला आणि पहिल्या दोन वर्षांत दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, जिंकून बसला. पिचिंग उभं करायचं नाही, खालच्या लीगमधून पोरं घडवायची नाहीत, दर दोन-चार वर्षांनी एक मोठं नाव विकत आणून पोस्टर लावायचं, आणि मग सगळं खापर पोस्टरवरच्या माणसावर. २०२२ मध्ये मोरेनोंनी टीम विकायला काढली होती, जानेवारी २०२३ मध्ये विचार बदलला. त्या दिवशी मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं ट्राउटच्या कुठल्याच एमआरआयने वाटलं नाही.

तर माझं म्हणणं: त्याला पूर्णवेळ डीएच करा, आठवड्यातून एक दिवस सक्तीची सुट्टी द्या, आउटफील्ड तरुणांना द्या. त्याला स्वतःलाच गावाजवळ, फिलाडेल्फियाला वगैरे, जायचं असेल तर पगाराचा वाटा उचला आणि सन्मानाने जाऊ द्या. पण ते त्याने म्हणायचं, आपण नाही.

कमेंटमध्ये 'मग एंजल्सच्याच अँथनी रेंडनलाही ठेवायला हवा होता का' असं विचारायला टपलेल्यांना आधीच सांगतो. २४.५ कोटी डॉलरच्या सात वर्षांच्या करारात पहिल्या सहा हंगामांपैकी एकातही रेंडन ६० सामने खेळला नाही, आणि २०२५ मध्ये तर एकही नाही. ट्राउट त्याच वर्षी १३० खेळला. या दोघांना एका ओळीत बसवणाऱ्यांशी वाद घालायला मला वेळ नाही.